विंगेत भेटलेली माणसं

नाटकाच्या ग्रुपमध्ये नव्याने येणारं जवळजवळ प्रत्येक जण आधी रोलचं विचारतं. मी सांगते, मिळाला तर आनंदाने कर. नाही मिळाला तर प्रॉम्प्टिंग, म्हणजे अडलेल्या नटाला आडून शब्द सुचवायचं काम, मागून घे. माझी सगळ्यात जुनी मैत्री तिथूनच सुरू झाली.

पहिल्या नाटकात मला काम नव्हतं. दिग्दर्शकाने संहिता हातात दिली आणि विंगेत, रंगमंचाच्या कडेला पडद्याआड, बसवलं. तालमी बघता बघता कोण वाक्य विसरलंय आणि कोण मुद्दाम पॉज घेतंय, हे मला श्वासावरून कळायला लागलं. विसरलेला माणूस श्वास धरून ठेवतो. नायिकेचं काम करणारी मुलगी एका लांब स्वगतात हमखास एकाच जागी अडायची. तिला पूर्ण वाक्य नको असायचं, पहिला शब्द पुरायचा. प्रयोगाच्या रात्री ती त्या जागी आली, थांबली आणि एक पाऊल माझ्या विंगेकडे सरकली. मी शब्द दिला. तिने तो इतका सहज उचलला, की ती विचार करायला थांबली होती असंच वाटावं. आत आल्यावर काही बोलली नाही. घामेजलेल्या हाताने माझं मनगट घट्ट दाबलं आणि पुढच्या एंट्रीला पळाली. तोवर आम्ही तालमीबाहेर धड दहा वाक्यंही बोललो नव्हतो.

नाटकात ओळख अशी उलट्या क्रमाने होते. आधी भरवसा ठेवावा लागतो, गप्पा नंतर. ब्लॅकआऊटमध्ये, म्हणजे रंगमंचावर अंधार केलेला असताना, टेबल हलवताना दुसरं टोक कोणी उचललंय ते दिसत नाही. जमिनीवरच्या रेडियमच्या खुणा आणि समोरच्याची चाल, एवढंच हाताशी असतं. म्हणून सुरुवातीला एकदा तरी बॅकस्टेज कराच. तालमीआधी आरशाचा खेळ घेतात, एकाने हालचाल करायची आणि समोरच्याने त्याचं प्रतिबिंब व्हायचं, त्यात जोडीदाराला चकवायला जाऊ नका. सावकाश हला. थोड्या वेळाने कोण कोणाच्या मागे जातंय तेच कळेनासं होतं. ते जमलं की प्रवेशातही एकमेकांचं ऐकू यायला लागतं.

चुका होणारच. एका प्रयोगात टेबलावर पत्र ठेवायचं माझ्याकडे होतं आणि मी विसरले. नटाने रिकामं टेबल पाहिलं, खिसे चाचपले आणि ‘पाठच आहे मला’ म्हणत अख्खं पत्र तोंडपाठ म्हटलं. पडदा पडल्यावर मी आधी त्याच्याकडे गेले, चूक माझी म्हणाले. प्रयोग चालू असताना माफी मागत बसू नये, त्याने समोरचाही विस्कटतो. पण नंतर दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं.

सेट उतरवला की दुसऱ्या दिवशी तालमीची वेळ होते आणि जायला कुठेच नसतं. त्या संध्याकाळी फार जड जातात. रोज भेटणारी काही माणसं मग भेटतच नाहीत. ती मैत्री खोटी होती असं मी मानत नाही. स्तानिस्लावस्की आणि नेमिरोविच-दान्चेन्को हे दोन रशियन रंगकर्मी 1897 मध्ये सलग अठरा तास बोलत बसले आणि त्यातून पुढच्या वर्षी मॉस्को आर्ट थिएटर उभं राहिलं. पुढे दोघांचं फाटलं, तरी थिएटर दोघांचंच राहिलं. कामापुरत्या जुळलेल्या माणसांबद्दलही मनात आदर ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

ती नायिका आता दुसऱ्या गावात नाटक करते. नवी संहिता हातात पडली की रात्री फोन करते. बाकीच्या सगळ्या पात्रांची वाक्यं मी वाचते, ती तिची म्हणते. मध्येच थांबली, की मी लगेच शब्द देत नाही. आधी श्वास ऐकते.