परदेशात उन्हाळाभर ट्यूशन घ्यायला निघालात? या चुका टाळा

फेब्रुवारी-मार्च आला की माझ्याकडे शिकून गेलेल्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. मॅडम, आईच्या मैत्रिणीच्या नात्यातलं एक कुटुंब दुबईला असतं, दोन महिने त्यांच्याकडे राहून मुलाचं मॅथ्स पक्कं करून द्यायचंय, तिकीट त्यांचं, राहणं-खाणं त्यांचं, वर पैसे, जाऊ ना? कुणाला लंडनहून बोलावणं असतं, कुणाला इटलीतल्या एखाद्या घरी राहून मुलांना इंग्लिश शिकवायचं असतं. मी गणित शिकवते, आयजीसीएसई आणि आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डांची मुलं, पुण्यात आणि बाहेर जाऊनही, आणि माझं म्हणणं असं की जा, जरूर जा, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी असा अनुभव परत मिळत नाही. पण हे काम शिकवता येत नाही म्हणून फार क्वचित बिघडतं. बिघडतं ते "आपलेच लोक आहेत, बघू तिथे गेल्यावर" या भरवशामुळे.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन शिकवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात जास्त होणारी. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा) टुरिस्ट व्हिसा, यूकेचा स्टँडर्ड व्हिजिटर, अमेरिकेचा बी१/बी२, दुबईचा व्हिजिट व्हिसा, यातल्या एकावरही असं पैसे घेऊन ट्यूशनचं काम करता येत नाही. "घरातल्या घरात तर शिकवायचंय, कुणाला कळणार", "पैसे आम्ही तुझ्या पुण्यातल्या खात्यात टाकू" असं समोरचे लोक अगदी प्रेमाने सांगतात आणि त्यांना खरंच वाटत असतं की त्यात काही वावगं नाही. पण पैसे कुठे आले याने फरक पडत नाही, तिथे बसून काम केलं की ते कामच. एअरपोर्टवर ऑफिसरने विचारलं की कशासाठी आलात, आणि बॅगेत तीन वर्कबुकं नि फोनमध्ये फीचं बोलणं सापडलं, तर परत पाठवतात, आणि पुढे कुठल्याही देशाच्या फॉर्मवर "आधी कधी प्रवेश नाकारलाय का" हा प्रश्न आला की खरं उत्तर लिहावं लागतं. ज्याला वर्षा-दोन वर्षांनी एमएसला जायचंय त्याने दोन महिन्यांच्या ट्यूशनसाठी हे ओढवून घेऊ नये.

मग सरळ रस्ते कुठले? आहेत, पण थोडेच. यूकेची इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम २०२३ पासून आहे, वय १८ ते ३०, डिग्री हवी, खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात, वर्षाला ३,००० जागा आणि त्या लॉटरीने, त्यामुळे मनात आलं नि निघालो असं होत नाही. पण नंबर लागला तर दोन वर्षं राहता येतं आणि काही अटी पाळून स्वतःच्या ट्यूशनही घेता येतात. ऑस्ट्रेलियाने वर्क अँड हॉलिडे व्हिसा २०२४ पासून भारतीयांना खुला केलाय, वय तेच, जागा १,०००, तोही लॉटरीने. जर्मनीला ओ पेअर म्हणून, म्हणजे तिथल्या कुटुंबात राहून घरात मदत करायला, जाता येतं, पण त्याला २७ वर्षांच्या आत असावं लागतं, ए१ म्हणजे अगदी सुरुवातीच्या लेव्हलचं जर्मन लागतं आणि किमान सहा महिने राहावं लागतं, म्हणजे नुसत्या उन्हाळ्यासाठी तो रस्ता नाही, आणि त्यात मुख्य काम मुलं सांभाळायचं असतं.

आधीच तिकडे शिकायला गेलेल्यांनी जास्त जपा. यूकेच्या स्टुडंट व्हिसावर नोकरी चालते, स्वतःचा धंदा चालत नाही, आणि घरी जाऊन खासगी ट्यूशन घेणं म्हणजे सेल्फ-एम्प्लॉयमेंटच. एखाद्या संस्थेने पगारावर ठेवलं तर चालतं. त्यातही मास्टर्सवाल्यांचा उन्हाळा डिझर्टेशनचा, म्हणजे प्रबंधाचा असतो, बहुतेक युनिव्हर्सिटी तो काळ टर्ममध्येच धरतात, म्हणून तिथे फुल टाइम नाही, टर्ममध्ये असते तीच आठवड्याला २० तासांची मर्यादा. यूएईने डिसेंबर २०२३ मध्ये खासगी शिकवणीसाठी वेगळं परमिट काढलं, फुकट आहे, दोन वर्षांचं आहे, पण ते तिथे राहणाऱ्यांसाठी, पुण्याहून व्हिजिटवर गेलेल्यांसाठी नाही.

यातलं काहीच बसत नसेल तर पुण्यात बसून ऑनलाइन शिकवा. उन्हाळ्यात दुबई आपल्या दीड तास मागे, जर्मनी-इटली साडेतीन, लंडन साडेचार. लंडनच्या मुलाला सकाळी दहाला बसवलं की आपल्याकडे अडीच वाजलेले असतात, आरामात जमतं. न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे, तिथे सकाळचा वर्ग म्हणजे आपली संध्याकाळ-रात्र.

आपला मे धरून प्लॅनिंग करणं

आपल्या डोक्यात उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे मे, फार तर जूनचा मध्य. इंग्लंडच्या शाळा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालू असतात. इटलीत जूनच्या सुरुवातीलाच बंद होतात, जर्मनीत प्रत्येक राज्याची तारीख वेगळी आणि बव्हेरियात तर ऑगस्ट लागता लागता सुट्टी पडते. म्हणजे तुमचं खरं काम जुलै-ऑगस्टमध्ये आणि तेव्हा इथे तुमचं कॉलेज चालू झालेलं असतं, सेमिस्टर परीक्षा पुढे ढकलली असेल तर तीही मध्येच येते. हे आधी कॉलेजात विचारून घ्या. दुबई-मस्कतच्या सीबीएसई शाळांना सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते खरी, पण बरीच भारतीय कुटुंबं तेव्हाच इकडे गावाला येतात, तेव्हा ते लोक स्वतः तिथे असणार आहेत का हेही विचारा, हसू नका, हा प्रश्न राहून जातो. आणि फ्लाइट मुंबईहून असेल तर जुलैच्या पावसात एक्सप्रेसवेच्या घाटात काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको, हाताशी भरपूर वेळ ठेवून निघा.

ठरलेलं कागदावर न आणणं

कागद म्हटलं की लोकांना वाटतं आपण अविश्वास दाखवतोय. नात्यातले किंवा ओळखीचे असले की जास्तच अवघड वाटतं, काकांना ॲग्रीमेंट कसं मागू. काकांना ॲग्रीमेंट मागू नका, मेल लिहा. "काका, आपलं फोनवर जे ठरलं ते मला विसरायला नको म्हणून लिहून पाठवतेय" अशी सुरुवात करा आणि सगळं लिहा. रोज किती तास, आठवड्यातला कुठला दिवस सुट्टी, कुठले विषय, एकच मूल की दोन, पैसे किती आणि दर आठवड्याला की पंधरवड्याला (सगळे शेवटी एकदम, असं कधीही नको), तिकीट आणि इन्शुरन्स कोणाचा, झोपायला स्वतंत्र खोली आहे का, आणि दोघांपैकी कोणालाही जमलं नाही तर किती दिवस आधी सांगायचं. शाकाहारी असाल, एकादशीला उपास असेल तर तेही आत्ताच, तिथे जाऊन तिसऱ्या दिवशी नको. त्यांनी उलट "हो, बरोबर" एवढं लिहिलं की झालं.

एक कलम मी सगळ्यांना घालायला लावते, कुटुंब मध्येच फिरायला गेलं तर काय. माझी एक विद्यार्थिनी युरोपात एका घरी होती, ते लोक दोन आठवडे समुद्राकाठी गेले, तिलाही नेलं, आणि नंतर म्हणाले की तेव्हा अभ्यास झाला नाही तर त्याचे पैसे कसे देणार. ती रोज सकाळी दोन्ही मुलांना घेऊन बसत होती, दुपारभर त्यांच्याबरोबर पाण्यात होती, कारण आईबाबांना जरा निवांतपणा हवा होता. लिहिलेलं काही नव्हतं म्हणून भांडायलाही जागा नव्हती.

आणि हे "जरा"चं प्रकरण फार वाढतं हं. जरा धाकट्याला बघ, जरा भांडी लाव, जरा आजींना फिरवून आण. घरात राहतोय तर चार कामात हात लावावा हे आपल्या अंगात असतं आणि ते चांगलंच आहे, स्वतःची खोली स्वतः आवरा, जेवल्यावर सगळ्यांबरोबर ताटं उचला. पण मूल सांभाळणं तुमच्या तासांच्या बाहेर रोज व्हायला लागलं की दुसऱ्याच आठवड्यात बोला, शांतपणे, दोन्ही पालक असताना, "मला आवडतं त्याच्याशी खेळायला, पण मग शिकवण्याचे तास कमी करावे लागतील, कसं करूया?" महिना उलटल्यावर बोललात तर त्यांना वाटतं ही अचानक का बदलली.

मुलाचा बोर्ड न बघता धडा पहिला काढून बसणं

आपल्याकडे ज्याला दहावीला पंचाण्णव टक्के पडलेत त्याला वाटतं मॅथ्स ते मॅथ्स, कुठेही शिकवू. पहिल्या दिवशी काहीही शिकवू नका. मुलाचे मागच्या वर्षीचे पेपर मागा, वह्या मागा, शाळेची पुढच्या वर्षाची यादी मागा. इंग्लंडमध्ये दहा वर्षांच्या मुलासाठी बोलावलं असेल तर बहुतेक ती इलेव्हन प्लसची, म्हणजे निवड करून मुलं घेणाऱ्या शाळांच्या प्रवेशपरीक्षेची तयारी असते, ती परीक्षा बऱ्याच ठिकाणी सप्टेंबरमध्ये, त्यात व्हर्बल आणि नॉन-व्हर्बल रीझनिंगही असतं, आणि वेगावर सगळं चालतं. तिथे तुम्ही प्रेमाने अपूर्णांकांचा पाया घट्ट करत बसलात तर ऑगस्ट संपतो.

युरोपातल्या मुलाची वही उघडलीत तर आधी पाच मिनिटं नुसती बघा. साडेतीन ते लोक ३,५ असं स्वल्पविरामाने लिहितात, हजारात टिंब येतं, भागाकाराला दोन टिंबं, एकच्या डोक्यावर तिरकी रेघ आणि सातच्या पोटात आडवी. तुम्ही फळ्यावर तुमच्या सवयीने लिहिलंत की मुलाला वाटतं आपलंच चुकतंय. त्याची पद्धत तुम्ही शिका, तुमची त्याच्यावर लादू नका, शाळेत मार्क त्याला मिळवायचेत. तसंच बॉडमासचं, म्हणजे कुठली क्रिया आधी करायची त्या नियमाचं, त्यात भागाकार आधी येतो. अमेरिकेतलं मूल त्यालाच पेमडास म्हणतं, त्यात गुणाकार आधी येतो, आणि मग तुम्ही आणि मूल दोघंही हट्टाला पेटता, तेव्हा गुणाकार-भागाकार एकाच पायरीचे, डावीकडून उजवीकडे जायचं, एवढं उदाहरणाने दाखवा आणि पुढे चला.

आयबीचं मूल असेल तर आधी विचारा, गणिताचा कोर्स एए (ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस) की एआय (ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन), एसएल (स्टँडर्ड लेव्हल) की एचएल (हायर लेव्हल). एएचा पहिला पेपर कॅल्क्युलेटरशिवाय असतो, एआयचे सगळे पेपर ग्राफिकल कॅल्क्युलेटरवर. महाराष्ट्र बोर्डातून आलेल्यांनी हे मशीन हातात धरलेलंच नसतं, तर जायच्या आधी मुलाकडे कुठलं मॉडेल आहे ते विचारून त्याचा सराव करा, इंटरनेटवर भरपूर आहे. स्टेप्सचे मार्क वेगळे असतात, मार्कस्कीम मिळाली तर ती मुलाबरोबर बसून वाचा, त्याने जेवढा फरक पडतो तेवढा जादा गणितं सोडवून पडत नाही.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. अकरावी-बारावीच्या मधला उन्हाळा म्हणजे आयबीच्या मुलांचा इंटरनल असेसमेंट (आयए, विषयाचा स्वतः करायचा प्रोजेक्ट) आणि एक्सटेंडेड एसेचा (मोठ्या निबंधाचा) काळ. गणिताच्या आयएला २० टक्के मार्क, एसे ४,००० शब्दांपर्यंतचा. पालक दमलेले असतात, मूल घाबरलेलं असतं, आणि एका संध्याकाळी चहावर विषय निघतो की तूच थोडं लिहून दे ना. नाही म्हणा. त्या क्षणीच. विषय निवडायला मदत करा, प्रश्न विचारा, कुठे युक्तिवाद तुटतोय ते दाखवा, पण एक ओळही लिहून देऊ नका. पकडलं गेलं तर त्या मुलाचा डिप्लोमाच जाऊ शकतो, आणि नाही पकडलं तरी स्वतःचा विचार स्वतः मांडायची त्याची पहिली संधी तुम्ही घेतलेली असते.

मूल बसतच नसेल तर

सुट्टीत अभ्यास कुणालाच नको असतो, त्यात तुमचा अपमान नाही. सलग तीन तास बसवू नका, सकाळी दीड तास, संध्याकाळी थोडं, मध्ये त्याचं खेळणं पक्कं. पहिल्या आठवड्यात त्याला जमेल असंच द्या. चिडून हात उगारणं तर विसराच, कानाला धरणं, टपली मारणं, काहीच नाही. स्वीडनमध्ये १९७९ पासून, जर्मनीत २००० पासून आईवडिलांनीसुद्धा मुलाला मारणं कायद्याने बंद आहे, स्कॉटलंड आणि वेल्सनेही बंद केलंय. शिकवताना खोलीचं दार उघडं ठेवा किंवा हॉलमध्ये बसा, मुलाचे फोटो स्टेटसला टाकू नका, त्याच्याशी चॅट करायचं तर पालक असलेल्या ग्रुपवर. यात तुमचंही रक्षण आहे.

पैसे आणि पासपोर्ट

कधीही न भेटलेलं कुटुंब मेलवर फार पटकन हो म्हणालं, जास्तीचा चेक पाठवला आणि वरचे पैसे परत करायला सांगितले, किंवा व्हिसा फी म्हणून तुमच्याकडूनच मागितली, तर तिथेच थांबा, हा ट्यूटर लोकांना फसवायचा जुना प्रकार आहे. व्हिडिओ कॉलवर मुलासकट बोलल्याशिवाय तिकीट काढू नका. पासपोर्ट "आमच्या लॉकरमध्ये ठेवू" म्हणाले तरी देऊ नका, तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, आणि यूएईत तर मालकाने तो ठेवून घेणं बेकायदेशीर आहे. एक झेरॉक्स घरी आईबाबांकडे, एक फोटो मेलमध्ये.

परत आल्यावर टॅक्स. दोन-तीन महिनेच बाहेर होतात तर तुम्ही इथले रेसिडेंटच, म्हणजे तिथली कमाई इथल्या रिटर्नमध्ये दाखवायची, तिथे खातं उघडलं असेल तर तेही. तिथे टॅक्स कापला असेल तर कापल्याचा कागद निघायच्या आधी मागून घ्या, पुण्यात येऊन मेल करत बसलात तर महिनोन्‌महिने येत नाही. शेवटच्या आठवड्यात मुलाचं काय झालं, काय राहिलं, कुठे अजून अडखळतो याचं एक पान लिहून पालकांना द्या, शाळेतल्या शिक्षकांनाही उपयोगी पडतं. राहिलेले पैसे आणि शिफारसपत्र त्याच दिवशी मागा, बॅग भरायच्या आधी.