हुशार मुलांमधली स्वमग्नता कशी ओळखावी

‘दहावीला 96 टक्के पडले, त्याला कसला ऑटिझम?’ असं म्हणून घरचे, शिक्षक आणि कधी कधी डॉक्टरही विषय मिटवतात. पण बुद्ध्यांक 130च्या वर असला तरी स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असू शकते; हुशारीमुळे ती झाकली जाते.

दोन आठवडे नोंदी ठेवा, त्याही घडलेल्या गोष्टींच्या. ‘हट्टी आहे’ असं लिहू नका. ‘काकांना अर्धा तास ग्रहणाचं गणित सांगितलं, ते घड्याळ बघत होते हे लक्षात आलं नाही’ असं लिहा. मुलाला ‘मित्र आहेत का?’ विचारलंत तर ‘हो’च येईल. त्याऐवजी ‘काल मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खाल्लास?’ विचारा. मुलींच्या बाबतीत जास्तच सावध राहा: मैत्रिणींचं बोलणं-हसणं हुबेहूब उचलून दिवसभर निभावतात आणि घरी आल्यावर कोलमडतात.

मग लहानपण आठवा. चार-पाच वर्षांचा असताना कसा खेळायचा, हे आजीला, बालवाडीच्या बाईंना विचारा. जुने व्हिडिओ काढा. 2013च्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेतल्या निकषांनुसार लक्षणांची सुरुवात लहानपणीच हवी. पण भोवतालच्या अपेक्षा वाढेपर्यंत ती पुरती दिसत नाहीत, शिकलेल्या युक्त्यांनी झाकलीही जातात. म्हणूनच अनेकांचं आठवी-नववीत किंवा कॉलेजात बिनसतं.

आता प्रश्नावली. एम-चॅट 16 ते 30 महिन्यांच्या बाळांसाठी आहे, ती इथे उपयोगाची नाही. एससीक्यू या सामाजिक संवादाच्या प्रश्नावलीमध्ये पालकांसाठी 40 ‘हो-नाही’ प्रश्न असतात. 15 किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी हवी. कमी आले म्हणून मात्र हुशार मुलाची फाइल बंद करू नका. प्रश्नावलीने निदान होतही नाही.

निदानासाठी बालविकासतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ गाठा. एडॉस-2 (ठरावीक कृती आणि गप्पांमधून मुलाचं वागणं पाहण्याची चाचणी) होईल का, विचारा. बुद्धिमापनाचा एकच आकडा घेऊन परतू नका, प्रत्येक विभागाचे गुण मागा. भाषिक आकलन 140 आणि काम उरकण्याचा वेग 95 असेल, तर सरासरीत दोन्ही दडतात. रोजचे व्यवहार कितपत जमतात हे पाहणारी वाइनलँड मोजणी करून घ्या: कठीण गणितं सोडवणाऱ्याला एकट्याने बसने जाणं जमत नसेल, तर ती तफावत फार बोलकी असते. चिंता आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) हेही तपासायला सांगा.

अपॉइंटमेंटच्या आधी मुलाशी मोकळेपणाने बोला. कशासाठी जातोय हे त्याला ठाऊक असू द्या. एवढ्या हुशार मुलापासून ते लपणारही नाही.