हाडांसाठी सलाईनमधून औषध घेतल्यानंतर: पहिले तीन दिवस आणि पुढचं वर्ष

ठिसूळ हाडांसाठी वर्षातून एकदा सलाईनमधून दिलं जाणारं औषध म्हणजे झोलेड्रॉनिक ॲसिड. त्याचा डोस 5 मिलिग्रॅम असतो आणि तो द्यायला किमान 15 मिनिटं लागतात. औषध घेऊन माणूस चालत घरी येतो, संध्याकाळपर्यंत सगळं ठीक असतं आणि रात्री हुडहुडी भरते. असं होऊ शकतं हे आधी कोणी सांगितलेलं नसेल, तर घरचे घाबरतात. या औषधाचा प्रत्येक त्रास ठरावीक काळात येतो. तो काळ माहीत असला की कशाला गोळी पुरेशी आहे आणि कशाला दवाखाना गाठायचा, हे कळायला सोपं जातं.

सलाईन लावण्याआधी

त्रास कमी करायची निम्मी तयारी इथेच होते. रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) यांचे ताजे रिपोर्ट हवेत. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता (क्रिएटिनिन क्लिअरन्स) मिनिटाला 35 मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर हे औषध देत नाहीत. कॅल्शियम कमी असेल तर आधी ते भरून काढतात, मगच सलाईन लावतात. ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं, तर काही आठवडे थांबावं लागलं तरी थांबा. या औषधात दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही.

दात किंवा दाढ काढायची असेल, इम्प्लांट बसवायचं असेल, तर ते आधी उरकून हिरडी भरू द्या. साफसफाई, दात भरणं, रूट कॅनाल ही कामं नंतरही करता येतात.

त्या दिवशी उपाशी जायची गरज नसते. निघण्यापूर्वी दोन ग्लास पाणी प्या आणि घरी आल्यावरही पाणी चालू ठेवा. कोरड्या पडलेल्या शरीरात हे औषध वेगाने गेलं तर मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून 15 मिनिटांच्या आत सलाईन संपवायची घाई कोणी करू नये. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयविकारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

पहिले तीन दिवस: ताप आणि अंगदुखी

त्रास बहुधा पहिल्या दीड दिवसात सुरू होतो: ताप, थंडी, अंग मोडून येणं, सांधे आणि डोकं दुखणं, मळमळ. फ्लू झाल्यासारखं वाटतं, पण हा संसर्ग नसतो. हे औषध रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना चेतवतं आणि त्या पेशी तापाला कारण ठरणारी रसायनं सोडतात. पुढच्या डोसच्या वेळी ही प्रतिक्रिया बरीच मंदावते. रजोनिवृत्तीनंतरच्या महिलांवर झालेल्या ‘हॉरायझन’ चाचणीचे निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले. त्यात पहिल्या डोसनंतर सुमारे 32% जणींना असा त्रास झाला, दुसऱ्यानंतर सुमारे 7% आणि तिसऱ्यानंतर सुमारे 3% जणींना. ‘पहिल्यांदा एवढा त्रास झाला, आता पुन्हा नको’ असं ठरवण्याआधी हे आकडे आठवा. पूर्वी याच औषधगटातल्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या घेतलेल्यांना पहिल्या खेपेलाही त्रास कमी होतो.

आणखी एक गैरसमज. ताप आला म्हणजे औषध चांगलं लागू पडलं आणि ताप आला नाही म्हणजे वाया गेलं, असं मुळीच नाही.

उपाय साधा आहे: पॅरासिटामॉल. ताप चढायची वाट पाहण्यापेक्षा सलाईनच्या सुमारास पहिली गोळी घेऊन पुढे तीन दिवस वेळेवर घेतली तर फरक जास्त पडतो. प्रौढांसाठी नेहमीची पद्धत म्हणजे 650 मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, दिवसाला चार वेळा. यकृताचा आजार, खूप कमी वजन किंवा रोजचं मद्यपान असेल तर डोस डॉक्टरांनीच ठरवावा. सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं. नकळत दुप्पट डोस होतो तो बहुतेक वेळा इथेच, म्हणून पाकिटावरची नावं वाचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका. ताप, कमी झालेलं पाणी आणि या गोळ्या एकत्र आल्या की मूत्रपिंडाला धोका वाढतो.

ताप मोजायचा तो पुढची गोळी घेण्याआधी. गोळीनंतर तासाभराने मोजलेला आकडा उगाच दिलासा देतो. पोटात अन्न जात नसेल तर पातळ सूप, पाणी, थोडं थोडं आणि सारखं द्या.

या तीन दिवसांतली खरी भीती तापाची नाही, पडण्याची आहे. हाडं आधीच ठिसूळ, त्यात अशक्तपणा आणि रात्री लघवीला उठणं. संडासापर्यंतच्या वाटेवर दिवा चालू ठेवा, पायात येणारी पायपुसणी उचला, उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा. एकटं राहणाऱ्याने दोन रात्री कोणाला तरी सोबतीला बोलवावं. गाडी चालवणं आणि महत्त्वाची कामं या दिवसांत ठेवू नका.

बहुतेकांचा त्रास तीन दिवसांत ओसरतो. थोडी अंगदुखी आठवडाभर, क्वचित दोन आठवडे रेंगाळते. पण ताप तीन दिवसांनंतरही उतरत नसेल, किंवा तिसऱ्या दिवसानंतर नव्याने सुरू झाला असेल, तर त्याचा दोष सलाईनला देऊन बसू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग तपासायला हवा.

डोळे लाल झाले तर

हा त्रास क्वचित होतो, पण लोक त्याला ‘डोळे आले’ समजून दिवस घालवतात. डोळा लाल होऊन आतून दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि हे औषध घेतल्याचं आवर्जून सांगा. आतल्या सुजेवर वेगळी औषधं लागतात. घरात पडलेले जुने थेंब घालू नका.

पहिले दोन आठवडे: कॅल्शियम

हाड झिजणं एकदम थांबतं, त्यामुळे हाडातून रक्तात येणारं कॅल्शियमही कमी होतं. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येणं, पायात गोळे येणं, हाताची बोटं आखडणं ही त्याची लक्षणं. सलाईननंतर ताप आला म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या बंद करणं ही नेहमीची चूक. त्या चालूच ठेवा. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्या, कारण ते पचायला पोटातलं आम्ल लागतं. एका वेळी 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, म्हणून डोस विभागून घ्या. मुंग्या वाढत असतील किंवा झटके आले तर थेट रुग्णालय.

छातीत अनियमित धडधड, धाप, लघवी फारच कमी होणं, चेहरा किंवा जीभ सुजणं, अंगावर पित्त उठणं, यांपैकी काहीही झालं तरी घरी थांबायचं नाही.

त्यानंतर वर्षभर

जबड्याच्या हाडाचा त्रास या डोसमध्ये दुर्मीळ आहे. तरी दात काढल्यावर जखम आठ आठवड्यांत भरली नाही, किंवा हिरडीतून हाड दिसू लागलं, तर दंतवैद्याला दाखवा. मांडीत किंवा जांघेत आठवडेच्या आठवडे बोथट दुखत असेल, तर ते वयाचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. दीर्घ उपचारांत मांडीच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो आणि हाड पूर्ण मोडण्याआधी दुखणं हीच त्याची सूचना असते. दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढायला सांगा. एकीकडे तडा असेल तर दुसरीकडेही असू शकतो.

पुढच्या डोसच्या वेळी गेल्या खेपेचा ताप किती दिवस टिकला, गोळ्या किती लागल्या, हे कागदावर लिहून न्या. त्यावरून डॉक्टर आधीची तयारी बदलू शकतात. तीन वर्षांच्या डोसनंतर पुढे चालू ठेवायचं की काही काळ थांबायचं, हा प्रश्नही त्याच वेळी विचारा.