गावात 5जी आलं का? नवा फोन घ्यायच्या आधी असं तपासा

कापसाचा, सोयाबीनचा चुकारा हाती आला की तालुक्याच्या मोबाइल दुकानांत गर्दी होते, आणि दुकानदार आता 5जी फोनच पुढे करतो. हा पैसा वर्षभराच्या घामाचा आहे. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी नेटवर्क तपासा, फोन सगळ्यात शेवटी घ्या.

देशात 5जी 1 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालं. एअरटेलने ज्या 8 शहरांपासून सुरुवात केली त्यांत नागपूर होतं. पण नागपूरला आलं म्हणजे धारणी किंवा एटापल्लीच्या आतल्या गावातही आलं, असं धरून चालू नका.

1. नकाशा पाहा

ट्राय म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीला आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा ठेवावा लागतो. त्यात आपलं गाव शोधा आणि 5जीचा रंग वेगळा पाहा. मात्र नकाशात गाव रंगलेलं दिसलं तरी घराच्या आत सिग्नल मिळेलच असं नाही. ते आपलं आपणच पाहायचं.

2. दुसऱ्याच्या फोनमध्ये आपलं सिम टाका

पोळ्याला, दिवाळीला पुण्या-नागपूरहून कोणी ना कोणी गावी येतंच. त्याच्या 5जी फोनमध्ये थोडा वेळ आपलं सिम घाला. (सिम काढल्यावर तुमच्या फोनमधलं यूपीआय ॲप पुन्हा पडताळणी मागू शकतं, म्हणून बाजारात पैसे द्यायच्या वेळी हा उद्योग नको.)

आता फोन घेऊन फिरा. ओसरी, आतली खोली, गच्ची, गोठा आणि वावराचा धुरा, सगळीकडे. टिनाच्या छपराखाली सिग्नल बराच पडतो, त्यामुळे अंगणात 5जी आणि आत 4जी असं सर्रास होतं. नुसत्या दांड्या मोजू नका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या भागात सिमची स्थिती उघडली की सिग्नलचा आकडा दिसतो. तो उणे असतो. उणे 85 म्हणजे चांगला, उणे 110 च्या पुढे (उणे 115, उणे 120) गेला म्हणजे अगदीच क्षीण. प्रत्येक जागेचा आकडा कागदावर लिहा. ट्रायच्या मायस्पीड ॲपवर वेगही मोजा, एकदा सकाळी आणि एकदा रात्री जेवणानंतर, कारण सगळं गाव फोन घेऊन बसतं तेव्हाचा वेग हाच खरा वेग.

आणखी एक पाहायचं: लाइन गेल्यावर काय होतं? टॉवरची बॅटरी उतरली की नेटवर्कच जातं, आणि तिथे महागडा फोनही काही करू शकत नाही.

3. फोनचे बँड जुळतात का?

इथे बरेच जण फसतात. 5जी एकाच लहरीवर चालत नाही, लहरींचे वेगवेगळे पट्टे असतात; त्यांनाच बँड म्हणतात. 3300 मेगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण त्याचा पल्ला कमी आणि भिंती ओलांडताना तो लवकर मंदावतो. 700 मेगाहर्ट्झचा वेग त्यामानाने कमी, पण तो लांबवर जातो आणि घरातही शिरतो. टॉवर दोन-तीन किलोमीटरवर असेल तर हाच कामाचा. 2022 च्या लहरींच्या लिलावात खासगी कंपन्यांपैकी हा पट्टा फक्त जिओने घेतला.

फोनच्या माहितीत 5जी बँड लिहिलेले असतात. 3300 साठी एन78 आणि 700 साठी एन28. सिम जिओचं असेल तर दोन्ही हवेत. शिवाय जिओचं 5जी ‘स्टँडअलोन’ प्रकारचं आहे, म्हणजे ते 4जीच्या आधाराशिवाय चालतं. फोनमध्ये ‘एसए’ची (म्हणजे स्टँडअलोनची) सोय आहे का, हे दुकानातच विचारून घ्या. दुकानदाराला सांगता आलं नाही तर फोनच्या कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल टाकून पाहा. तोवर पैसे देऊ नका.

4. सिम बदलायची गरज नाही

4जी सिमवरच 5जी चालतं. ‘तुमचं सिम 5जी करून देतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला की समजा, चोर आहे. ओटीपी सांगून बसलात तर क्षणही न दवडता बँकेला कळवा आणि 1930 वर तक्रार करा.

5. सेटिंग आणि रिचार्ज

मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 5जी/4जी ‘ऑटो’ निवडा, सॉफ्टवेअर अपडेट करा. अमर्याद 5जी प्रत्येक रिचार्जवर मिळत नाही, तेव्हा प्लॅनमध्ये तसं लिहिलंय का ते वाचूनच पैसे भरा. वावरात 5जी येतं-जातं असेल तर तिथे 4जीवरच ठेवा. फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारत राहिला की बॅटरी दुपारीच संपते, आणि वावरातून घरी फोन लागणं जास्त गरजेचं आहे.

6. नेटवर्कच नसेल तर

198 वर कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तोडगा निघाला नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनामूल्य अपील करता येतं. दुसऱ्या कंपनीचा सिग्नल बरा असल्याचं तुमच्या कागदावरच्या आकड्यांत दिसत असेल, तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते: इंग्रजीत PORT (पोर्ट) लिहून पुढे जागा सोडून आपला नंबर टाका आणि 1900 वर एसएमएस करा. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले असावे लागतात. गावातल्या चार-पाच घरांनी असे आकडे काढले असतील, तर ते एकत्र करून ग्रामसभेत मांडा आणि ठरावाची प्रत कंपनीला पाठवा.