अमेरिकेत काडतुसं विकत घेताना: कायदा, दुकानाचा नियम आणि काउंटरवरचा सल्ला

अमेरिकेत बंदुकीची काडतुसं खास बंदुकांच्या दुकानात मिळतात, खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतात आणि मोठ्या सुपरस्टोअरमध्ये मासेमारीच्या गळांशेजारी कुलूपबंद कपाटातही मिळतात. विकणारे इतके तऱ्हेतऱ्हेचे असण्यामागे एक कारण आहे. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनं काडतुसं विकणाऱ्यांवर परवान्याचं आणि नोंदींचं बंधन घातलं होतं. १९८६ च्या दुरुस्तीनं त्यातलं बरंचसं काढून टाकलं. आज केंद्राच्या कायद्यानं फक्त काडतुसं विकणाऱ्याला परवाना लागत नाही. साहजिकच काउंटरवर कधी तीस वर्षं याच धंद्यात मुरलेला माणूस भेटतो, तर कधी सकाळी तंबू विकणारा आणि दुपारी इकडे उभा केलेला मुलगा.

म्हणून काउंटरवर जे कानावर येतं ते तीन भागांत वेगळं करायला शिका. काही कायदा असतो, काही त्या दुकानाचा नियम असतो आणि काही बोलणाऱ्याचा निव्वळ अंदाज असतो. तिन्ही गोष्टी सारख्याच ठामपणे सांगितल्या जातात, आणि गोंधळ होतो तो तिथेच. पुढच्या पायऱ्या याच क्रमानं घ्या, कारण पहिल्या दोन घरीच उरकायच्या आहेत.

पायरी १: आपल्याला घेता येतात का, हे आधी पाहा

आपल्या मराठी मंडळींनी हा भाग दोनदा वाचावा. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-१, बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला केंद्राच्या कायद्यानं बंदूकही जवळ ठेवता येत नाही आणि काडतूसही. एकही नाही. याला मोजके अपवाद आहेत. त्यातला सर्वसामान्य माणसाच्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्यानं दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी लागू नाही. नियम मोडला तर २०२२ पासून कमाल शिक्षा १५ वर्षांची आहे, आणि व्हिसावर जो परिणाम होईल तो वेगळाच.

बऱ्याच राज्यांत काडतुसं घेताना पार्श्वभूमी तपासली जात नाही. काउंटरवरचा माणूस ड्रायव्हिंग लायसन्सवरची जन्मतारीख बघतो, पैसे घेतो आणि डबा हातात देतो. तुमचा व्हिसा कोणता हे तो विचारत नाही. बऱ्याचदा असा नियम आहे हेच त्याला ठाऊक नसतं. पण त्यानं विकलं म्हणून ते कायदेशीर ठरत नाही, जबाबदारी घेणाऱ्यावरच येते. शंका असेल तर इमिग्रेशन आणि शस्त्र कायदा या दोन्हींची माहिती असलेल्या वकिलाला विचारा. त्या एका भेटीची फी वाचवू नका.

"तुझं ग्रीन कार्ड झालंय, माझ्यासाठी एक डबा आण ना" ही विनंती मित्राची असली तरी नाकारा. समोरच्याला बंदी आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना, त्याला काडतुसं देणं हाही केंद्राच्या कायद्यानं गुन्हा आहे.

आता वयाचं. परवानाधारक विक्रेत्यानं रायफल आणि शॉटगनची काडतुसं १८ वर्षांखालच्याला आणि पिस्तुलाची २१ वर्षांखालच्याला विकायची नाहीत, हा केंद्राचा नियम. .२२ लाँग रायफल हे काडतूस रायफलमध्येही चालतं आणि पिस्तुलातही. म्हणून १८ ते २० वयाच्या गिऱ्हाइकाला "रायफलसाठी की पिस्तुलासाठी?" असं विचारलं जातं. कोणाला तो आगाऊपणा वाटेल, पण तो प्रश्न कायद्यामुळे येतो. खरं उत्तर द्या.

यावर राज्यांचे नियम येतात आणि ते फार वेगवेगळे आहेत. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे राज्यानं दिलेलं बंदूकमालकाचं ओळखपत्र लागतं. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमध्ये राज्याचा परवाना किंवा प्रमाणपत्र दाखवावं लागतं. न्यू जर्सीत पिस्तुलाच्या काडतुसांसाठी ओळखपत्र हवं. न्यू यॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून प्रत्येक खरेदीला पार्श्वभूमीची तपासणी होते. कॅलिफोर्नियानं तशी तपासणी जुलै २०१९ मध्येच सुरू केली. तिला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि निकाल वर-खाली होत राहिले, तेव्हा तिथं जायच्या आधी राज्याच्या न्याय विभागाच्या वेबसाइटवर सद्यस्थिती बघा. कॅलिफोर्नियात लायसन्सवर 'फेडरल लिमिट्स अप्लाय' असं छापलेलं असेल तर पासपोर्टसारखा आणखी एक पुरावा मागतात. तो बरोबर नेला नाही तर हेलपाटा ठरलेला.

पायरी २: बंदुकीवर काय कोरलंय ते लिहून घ्या

बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, मग नळीवर किंवा चेंबरजवळ (काडतूस बसतं त्या जागेजवळ) कोरलेली अक्षरं जशीच्या तशी कागदावर उतरवा. फोनवर फोटो काढला तरी चालेल. बंदुकीची पुस्तिका हाताशी असेल तर तिच्यातलं काडतुसांचं पान वाचा. दुकानात जाऊन "नऊ एमएमचं द्या" म्हणणं पुरेसं नाही.

या नऊ एमएमचंच उदाहरण घ्या. डब्यावर '९ एमएम लुगर', '९×१९' किंवा '९ एमएम पॅराबेलम' असं असेल तर तिन्ही एकच. पण '९ एमएम कुर्झ' किंवा '९ एमएम शॉर्ट' म्हणजे .३८० एसीपी, त्याचं कवच, म्हणजे काडतुसाचं बाहेरचं नळकांडं, १७ मिलिमीटर लांबीचं. '९×१८ मकारोव्ह' हे आणखी तिसरं. तिन्ही डबे एकाच फळीवर शेजारी शेजारी असू शकतात आणि तिन्हींवर '९' असू शकतो. काउंटरवरच्या माणसानं घाईत शेजारचा डबा काढला, तर तो तुमच्याच डोळ्यांना दिसायला हवा.

काही जोड्या एका दिशेनं चालतात, उलट दिशेनं नाही. .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतं. .३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३५७ कधीच नाही. ५.५६ नाटोचा चेंबर असलेल्या रायफलमध्ये .२२३ रेमिंग्टन चालतं. पण फक्त .२२३ कोरलेल्या रायफलमध्ये ५.५६ वापरू नये, कारण तिथं दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो. डब्यावर '+पी' असेल तर त्यात नेहमीपेक्षा जास्त दाब असतो, आणि तुमच्या बंदुकीला तो मान्य आहे का हे पुस्तिकाच सांगेल.

दोन घोटाळे मात्र थेट जिवावर बेततात. पहिला .३०० ब्लॅकआउटचा. एआर-१५ धाटणीच्या रायफलमध्ये .२२३ आणि .३०० ब्लॅकआउट यांना एकच मॅगझिन (काडतुसांची पेटी) आणि एकच बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) चालतो, त्यामुळे चुकीचं काडतूस विनातक्रार भरलं जातं. ते .२२३ च्या चेंबरमध्ये बसलं आणि घोडा दाबला गेला, तर ७.८ मिलिमीटरची गोळी ५.७ मिलिमीटरच्या नळीत घुसायला बघते आणि रायफल हातात फुटते. दुसरा घोटाळा शॉटगनचा. तिच्या नळीची रुंदी गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा मोठा तितकी नळी बारीक. २० गेजचं काडतूस १२ गेजच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं. डोळ्यांना चेंबर रिकामा दिसतो. माणूस मागून १२ गेजचं काडतूस भरतो आणि बार काढतो. हे टळावं म्हणून २० गेजची काडतुसं रिवाजानं पिवळ्या रंगाची करतात. घरात दोन्ही गेजच्या बंदुका असतील तर दोन्हींची काडतुसं एकाच फेरीत, एकाच पिशवीत आणूच नका. शॉटगनच्या काडतुसाची लांबीही बघायची: पावणेतीन, तीन की साडेतीन इंच. नळीवर तीन कोरलेलं असेल तर साडेतीनचं घ्यायचं नाही.

पायरी ३: दुकानाचा नियम फोनवर विचारून घ्या

दुकानाला कायद्यापेक्षा कडक राहायची मुभा आहे आणि बरीच दुकानं तशी राहतात. वॉलमार्टचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असलेलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाल्यावर वॉलमार्टनं बंदुका आणि काडतुसांसाठी किमान वय २१ केलं. ऑगस्ट २०१९ मध्ये टेक्ससच्या एल पासो इथल्या त्यांच्याच दुकानात हत्याकांड झालं. त्यानंतर सप्टेंबरमध्ये त्यांनी पिस्तुलाची, तसंच .२२३ आणि ५.५६ सारखी काडतुसं विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. १९ वर्षांच्या मुलाला तिथं शॉटगनची काडतुसं मिळाली नाहीत तर ती दुकानाची पॉलिसी आहे, तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

फोनवर चार गोष्टी विचारा: किमान वय किती, कोणतं ओळखपत्र लागतं, एका गिऱ्हाइकाला किती डबे मिळतात आणि माल परत घेतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी "नाही" असंच येईल. एकदा दुकानाबाहेर गेलेल्या डब्यात कोणी काही बदललं नाही याची खात्री कोण देणार? मला हा नियम अगदी रास्त वाटतो. पुढचं गिऱ्हाईक म्हणून तुम्हालाही कोणाचा परत आलेला डबा नकोच असेल.

रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, वापरायला घेत असाल तर रेंजलाही फोन करा. काही रेंज बाहेरची काडतुसं चालवून घेत नाहीत, विशेषतः भाड्याच्या बंदुकीत. काही ठिकाणी दारातच गोळीला चुंबक लावून बघतात. चुंबक चिकटलं, म्हणजे गोळीत पोलाद असलं, तर आत नेऊ देत नाहीत.

पायरी ४: काउंटरवर काय बोलायचं

कागद किंवा फोटो पुढे करा आणि कोरलेलं नाव पूर्ण सांगा. मग कशासाठी हवीत ते सांगा: रेंजवर सरावाला, शिकारीला की घरी संरक्षणाला. सरावाला साधारणपणे एफएमजे, म्हणजे पूर्ण धातूचं आवरण असलेली गोळी घेतात, ती स्वस्त पडते. संरक्षणाला पोकळ टोकाची घेतात. न्यू जर्सीत पोकळ टोकाच्या गोळीवर जास्तीचे निर्बंध आहेत, ते आधी वाचून ठेवा.

समोरचा माणूस जाणकार आहे का हे त्याच्या पहिल्या प्रश्नावरून कळतं. "बंदूक कुठली? नळीवर काय लिहिलंय?" असं विचारणारा भरवशाचा. "थांबा, मी बघून सांगतो" म्हणणारा तर माझ्या मते सगळ्यांत चांगला. तुम्ही काही दाखवायच्या आतच "हो हो, हेपण चालतं, सगळे हेच नेतात" असं म्हणणाऱ्याचं ऐकून डबा घेऊ नका. चालतं हे त्याला डब्यावर किंवा पुस्तिकेत दाखवता आलं पाहिजे.

विक्री नाकारली गेली तर शांतपणे एवढंच विचारा: "हा कायदा आहे की दुकानाचा नियम?" दुकानाचा नियम असेल तर दुसरं दुकान बघा. कायदा असेल आणि तो माणूस चुकतोय असं वाटत असेल तर मॅनेजरला बोलवायला सांगा, पण आवाज चढवू नका. दारूच्या वासामुळे, बोलण्यातल्या विसंगतीमुळे किंवा "हे माझ्यासाठी नाही" अशा एका वाक्यामुळेही विक्री थांबवली जाते. काउंटरवरच्या माणसाचं ते काम आहे आणि त्यानं ते चोख करावं असंच मला वाटतं. अशा वेळी दुसऱ्या दुकानात जाऊन उत्तर बदलून सांगणं हा मार्ग नाही.

भावाची तुलना डब्यावर करू नका, नगावर करा. पिस्तुलाच्या डब्यात बहुधा ५० काडतुसं असतात, रायफलच्या २० आणि शॉटगनच्या २५. समजा ५० चा डबा १८ डॉलरला आहे, तर एक काडतूस ३६ सेंटला पडलं. 'रीमॅन्युफॅक्चर्ड' लिहिलेला स्वस्त डबा दिसला तर थांबा. ती वापरलेल्या कवचात पुन्हा भरलेली काडतुसं असतात, आणि अशा मालानं बंदुकीला काही झालं तर अनेक कंपन्या वॉरंटी देत नाहीत.

पायरी ५: पैसे देण्याआधी डबा उघडा

परत घेत नाहीत, म्हणून तपासणी तिथंच. विचारून डबा उघडा आणि दोन-चार काडतुसांचा बूड बघा. पितळेवर गोल कोरलेलं नाव तुमच्या कागदाशी जुळतं का? कवचाला पोचा, हिरवट गंज किंवा आत दबलेली गोळी दिसली तर दुसरा डबा मागा. सगळं ठीक असेल तर पैसे द्या आणि पावती जपा. रिकामा झाला तरी डबाही ठेवा, कारण त्यावर लॉट नंबर असतो. कंपनीनं सदोष माल परत मागवला तर तो या नंबरावरूनच ओळखतात.

पायरी ६: घरी आणि प्रवासात

घरी कोरड्या जागी, कुलपात, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि मूळ डब्यातच ठेवा. गाडीतून नेण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. विमानात हातातल्या बॅगेत काडतूस चालत नाही. चेक-इनच्या सामानात ते नीट डब्यात भरून द्यावं लागतं, आणि बऱ्याच विमान कंपन्यांची मर्यादा ५ किलोची आहे.

भारतात जाताना मात्र काहीच न्यायचं नाही. रेंजवर नेलेल्या बॅगेच्या कप्प्यात राहिलेलं एखादं जिवंत काडतूस भारतातल्या विमानतळावर सापडलं, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. सुट्टी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाते, "चुकून राहिलं" हे सिद्ध करण्यात महिने जातात. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती प्रवासाला कधीही काढू नका. जॅकेटचे खिसेही तपासा.