एडब्ल्यूएसचा बॅकअप व्हॉल्ट डिलीट होत नसेल तर

बॅकअप नव्या सिस्टिमवर हलवले की एडब्ल्यूएसमधला (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) जुना व्हॉल्ट, म्हणजे बॅकअप ठेवायची जागा, काढायचा असतो. पण त्यात एक जरी रिकव्हरी पॉइंट (साठवलेला बॅकअप) उरला असेल तर व्हॉल्ट डिलीट होत नाही. ईसी२ (एडब्ल्यूएसचे सर्व्हर) कन्सोलमधून या बॅकअपचे स्नॅपशॉट (डिस्कच्या प्रती) काढायला गेलं तरी एरर येतो, कारण त्यांचा ताबा एडब्ल्यूएस बॅकअप या सेवेकडे असतो. काम तिथूनच करायचं.

आधी बॅकअप प्लॅनमधल्या (बॅकअपचं वेळापत्रक) रिसोर्स असाइनमेंट, म्हणजे कशाचा बॅकअप घ्यायचा त्या नोंदी काढा, मग प्लॅन. नाहीतर दिवसा पॉइंट पुसायचे आणि रात्री शेड्यूलने नवे तयार! प्लॅन गेला तरी जुने पॉइंट राहतात आणि बिल चालूच राहतं.

पुसण्याआधी नव्या सिस्टिममधून रिस्टोअर करून डेटाबेस उघडून बघा, चार क्वेरी चालवा. जॉब ‘कम्प्लीटेड’ दिसला एवढ्यावर विसंबू नका.

‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर तुमच्या परवानग्यांबरोबर व्हॉल्टची ॲक्सेस पॉलिसीही तपासा. ईएफएसच्या (एडब्ल्यूएसची फाइल साठवण) आपोआप बनलेल्या व्हॉल्टमध्ये डिलीटला नकार देणारी पॉलिसी आधीच असते. ती बदलावी लागते. व्हॉल्ट लॉक (बॅकअप पुसू न देणारं कुलूप) गव्हर्नन्स मोडमध्ये असेल तर पुरेशी परवानगी असलेला युजर तो काढू शकतो. लॉक कम्प्लायन्स मोडमध्ये असेल आणि तो मागे घ्यायची सुरुवातीची मुदत (किमान ३ दिवस) उलटली असेल तर रूट युजरचंही (खात्याचा मुख्य मालक) चालत नाही; रिटेन्शन, म्हणजे बॅकअप राखून ठेवायचा काळ, संपेपर्यंत थांबा. कोल्ड स्टोरेजमधले (क्वचित लागणाऱ्या बॅकअपची स्वस्त साठवण) पॉइंट ९० दिवसांआधी पुसले तरी उरलेल्या दिवसांचे पैसे लागतात.

केएमएस की (बॅकअप एन्क्रिप्ट करणारी किल्ली) सगळ्यात शेवटी. आधी नुसती डिसेबल करा, महिनाभर काही अडतंय का बघा, मगच डिलीट शेड्यूल करा. त्यालाही ७ ते ३० दिवसांची मुदत असते. ही किल्ली गेली तर तिनेच एन्क्रिप्ट करून दुसरीकडे ठेवलेली कॉपीही पुन्हा कधीच वाचता येत नाही.