दवाखाना, सर्वेक्षण आणि नगरसेवकपद: नागपुरातल्या डॉक्टरांसाठी

तिन्ही कामं एकदम सुरू करू नका. आधी दवाखाना, मग मोजणी म्हणजे सर्वेक्षण, मग निवडणूक. उमेदवार म्हणून दारात गेलात की माणसं आजाराचं सोडून गडरलाइनचं सांगतात.

मोजणी शिकायला मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत पीएसएममध्ये (सामाजिक आरोग्यशास्त्रात) एमडी करा, तीन वर्षं. क्लिनिकल शाखेत असाल तर दोन वर्षांचं एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) पुरे.

प्रश्न एकच घ्या. समजा, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी कोणापर्यंत पोचली नाही? प्रमाणाचा अंदाज नसेल तर 50 टक्के धरा. 5 टक्के चूक चालवली तर 384 माणसं लागतात. वस्त्या गटागटाने निवडणार असाल तर दुप्पट, 768. 10 टक्के गळती धरून 853. नीतिसमितीची (एथिक्स कमिटीची) मंजुरी पहिल्या घराआधी हवी, मागाहून मिळत नाही.

चूक होते ती यादीत. फक्त घोषित झोपडपट्ट्या घेतल्या की अघोषित वस्त्या सुटतात, आणि तपासणीला मुकलेली घरं बहुधा तिथलीच. सकाळी अकराला गेलात तर बांधकामावरचे मजूर भेटत नाहीत. सायंकाळी सहानंतर किंवा रविवारी जा. मे महिना तर सोडाच.

सोबत रक्त तपासणार असाल, तर सॉल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून वाहक की रुग्ण हे कळत नाही. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी, करावीच लागते. सहा महिन्यांखालचं बाळ किंवा हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल तर सॉल्युबिलिटी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. निकाल दारात मोठ्याने वाचायचा नाही. शेजारीण ऐकते अन् पोरीची सोयरीक मोडते.

नावांचं रजिस्टर कुलपात, विश्लेषणाच्या फाइलीत फक्त कोड. हे रजिस्टर प्रचाराच्या टेबलावर दिसलं की पुढच्या वेळी कोणी बोट पुढे करणार नाही.

नगरसेवकपदासाठी वय 21 पूर्ण हवं. सरकारी नोकरीत असाल तर राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र हाती असू द्या. नुसत्या पोचपावतीवर अर्ज छाननीत अडकतो. मनपाशी स्वतःचा किंवा आडून कसलाही करार असेल तर तोही आधी संपवा. राखीव जागेसाठी जात वैधतेची फाइल वेळेत लावा.

निवडून आल्यावर आमसभेतल्या भाषणापेक्षा अंदाजपत्रकातलं सार्वजनिक आरोग्याचं लेखाशीर्ष (खर्चाचं खातं) बघा. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीकडे पाठवण्याआधी, डिसेंबरातच, मागणी लेखी द्या: वर्षाच्या तपासण्या गुणिले किटचा दर, अधिक टेक्निशियनचा पगार. नुसतं यंत्र मागितलं तर यंत्र येतं आणि किटअभावी प्लॅस्टिकच्या आवरणात पडून राहतं.

या धावपळीत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण विसरलं जातं: दर पाच वर्षांनी, प्रशिक्षणातून मिळवलेल्या 30 क्रेडिट पॉइंटसह.